उस्तादची बायको

"तू घरीच थांब माय. तिथं आवाज फार असणार," मी म्हटलं.

माय आधीच तयार होऊन बसली होती. इस्त्रीचं ठिपक्यांचं पातळ, घट्ट बांधलेला अंबाडा, पायांत चपला. "मले पाह्यचं आहे," ती म्हणाली आणि काठी घेऊन दाराशी जाऊन उभी राहिली. त्यापुढे बोलण्यात अर्थ नव्हता.

या गोष्टीला आता बरीच वर्षं झाली. रविवारची संध्याकाळ होती. नाशिकच्या आमच्या सोसायटीत एका नव्या मालिकेचा पहिला भाग सगळे मिळून हॉलमध्ये बघणार होते. मालिकेचं नाव 'यार्डचा राजा'. अध्यक्ष गद्रे यांचा पुतण्या तिच्यात इन्स्पेक्टरचं काम करत होता, म्हणून गद्र्यांनी स्वतः पडदा लावून घेतला होता, बटाटेवडे मागवले होते. जाहिराती महिनाभर चालल्या होत्या. सत्तरचं दशक, खानदेशातलं एक जंक्शन, रेल्वेचं यार्ड, मालगाड्यांचे डबे फोडणारी टोळी आणि त्या टोळीचा उस्ताद. 'सत्य घटनेवर आधारित' असं खाली बारीक अक्षरांत यायचं.

तो उस्ताद म्हणजे माझे वडील.

अण्णांचं खरं नाव सुपडू. वरखेड जंक्शनला त्यांना सुपडू उस्ताद म्हणत. मी नऊ वर्षांची असताना ते पोलिसांच्या गोळीनं गेले. माय मला घेऊन मामाकडे नाशिकला आली ती कायमची. शाळेत मामाचं आडनाव लागलं, आणि वरखेड आमच्या बोलण्यातून गेलं. माझ्या नवऱ्याला, श्रीधरला, लग्नाआधी सगळं सांगितलेलं होतं. मुलीला, सानिकाला, मात्र आजोबा रेल्वेत होते आणि अपघातात गेले एवढंच माहीत होतं. घरात अण्णांचा एक फोटोसुद्धा नव्हता. माय त्यांच्याविषयी कधी बोलायची नाही. मी विचारलं तर उठून कामाला लागायची.

मग मी माझ्यापुरते अण्णा जपून ठेवले होते. खांद्यावर बसवून मला इंजिनं दाखवणारे. बाजारातून चालले की दुकानदार उठून उभे राहायचे ते. दिवाळीत अख्ख्या गल्लीतल्या पोरांना कपडे घेणारे. आणि त्यांच्या सोबतीनं मी एक रागही जपला होता. अण्णांचा जिवलग दोस्त डिगंबर, त्याला सगळे डिगा म्हणायचे. डब्यांच्या मध्ये पाय सापडल्यापासून तो लंगडायचा. अण्णा त्या पहाटे कुठे असणार हे पोलिसांना त्यानंच सांगितलं, असं सगळं वरखेड म्हणायचं. लहानपणी रोज दिवेलागणीला देवापुढे हात जोडले की मी मनात म्हणायची, डिगाकाकाचा दुसरा पायही मोडू दे.

हॉल गच्च भरला होता. मालिका सुरू झाली आणि पडद्यावर वाफेचं इंजिन आलं, धुरातून एक उंच देखणा माणूस चालत आला. मागच्या रांगेतल्या मुलांनी शिटी मारली. मालिकेत त्याचं नाव रणजित ठेवलं होतं. अण्णा उंच नव्हते, देखणे तर नव्हतेच, पण तो माणूस डब्यावर पाय टाकून चढला तेव्हा मी नकळत पुढे सरकून बसले. दुष्काळाच्या सालात तो धान्याचा डबा फोडून गरिबांना वाटतो, असा प्रसंग होता. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. खिडकीशी वाट बघत उभी असलेली त्याची बायको दिसली, तेव्हा पुढच्या रांगेतल्या पाठकबाई म्हणाल्या की त्या काळी यार्डाजवळ राहणाऱ्या बाईला असलं ब्लाउज कोण शिवून देणार होतं. लोक हसले. पण तिच्या डोळ्यांत पाणी आलं तसं पाठकबाईंनीही पदर डोळ्यांना लावला.

मी मायकडे पाहिलं. ती काठीवर दोन्ही हात ठेवून ताठ बसली होती. वडा तसाच मांडीवर होता.

मग यार्डचा रखवालदार आला. मालिकेत तो दारुडा आणि बाईलवेडा दाखवला होता. कोळसा वेचायला आलेल्या एका पोरीच्या तो अंगावर जातो आणि रणजित त्याला लोखंडी पहारीनं तिथंच संपवतो. पहार खाली आली तशी हॉलमध्ये इतक्या जोरात टाळ्या पडल्या की पडद्यावरचं बोलणं ऐकू येईना. कुणीतरी म्हणालं, असाच पाहिजे होता. मीही टाळी वाजवली. मायचा वडा खाली पडला. तिनं तो उचलला नाही.

भाग संपता संपता त्यांनी पुढचं थोडं दाखवलं. धुक्यातली पहाट, कोळशाच्या ढिगाआड रणजित, चारी बाजूंनी पोलीस, आणि दूर सिग्नलखाली एक लंगडा माणूस मान फिरवून उभा. घात कुणी केला, असं पडद्यावर उमटलं आणि भाग संपला.

दिवे लागले तरी कुणी उठेना. सगळे एकदम बोलायला लागले. कुणी म्हणालं, असे लोक आता होत नाहीत. एका आजोबांचं म्हणणं पडलं की चोर तो चोर, त्याला देव कशाला करायचा. त्यांना बाकीच्यांनी बोलू दिलं नाही. घात त्या लंगड्यानंच केला यावर मात्र सगळ्यांचं एकमत झालं. कॉलेजातली मुलं लंगडत चालून दाखवत होती. आणि माझ्या आत इतकी वर्षं दाबून ठेवलेलं काहीतरी वर आलं. ज्याचं नाव मी कधी घेऊ शकले नव्हते, त्याच्यासाठी माझ्याच सोसायटीतली चांगली माणसं टाळ्या वाजवत होती. मी उभी राहिले.

"हे माझे वडील होते," मी म्हणाले. "सुपडू उस्ताद. मी त्यांची मुलगी."

आधी कुणाला खरं वाटेना. श्रीधरनं होकारार्थी मान हलवली तसे सगळे भोवती जमले. पाठकबाईंनी माझे हात धरले. सानिका माझ्याकडे बघतच राहिली. मुलांनी मोबाइल काढले. गद्र्यांना तर काय करू आणि काय नको असं झालं. माईक घेऊन ते मायपुढे आले आणि म्हणाले की खऱ्या उस्तादच्या पत्नी आपल्यात राहतात हे आपलं भाग्य, तेव्हा आजींनी दोन शब्द बोलावेत.

मायनं माईक हातात घेतला. तो कसा धरायचा हे तिला ठाऊक नव्हतं. मुलांनी दाखवलं.

"त्या रखवालदाराले तीन पोरं होती," ती म्हणाली. "लहानी पाळण्यात होती."

तिनं माईक गद्र्यांच्या हातात परत दिला आणि काठी टेकत दाराकडे निघाली.  मग गद्र्यांनी वडे अजून शिल्लक असल्याचं सांगितलं.

सोमवारी मी बँकेत पोचायच्या आधीच मुलांनी काढलेला व्हिडिओ सगळीकडे पोचला होता. त्यात माझं बोलणं होतं, मायचं कापलं होतं. दिवसभर लोक माझ्या टेबलाशी येत होते. संध्याकाळी सानिका मोबाइलवरच्या प्रतिक्रिया मोठ्यानं वाचून दाखवत होती. आदल्या रात्री ती माझ्यावर रुसली होती, खोटं का सांगितलं म्हणून, पण इतक्या लोकांना आपले आजोबा आवडलेत म्हटल्यावर तिचा रुसवा उतरला होता. एकानं लिहिलं होतं, असा बाप मिळायला नशीब लागतं. कुणी तारीख टाकून अण्णांची पुण्यतिथी पाळा म्हणालं होतं. बाकी निम्म्याहून जास्त लोक लंगड्याला शिव्या देत होते. माय स्वयंपाकघरात लसूण सोलत बसली होती. तिला सगळं ऐकू येत होतं.

तेवढ्यात वरखेडहून भागवतदादाचा फोन आला. हा माझा मोठा चुलतभाऊ. लग्नाकार्यापलीकडे आमचं बोलणं नव्हतं. सानिकाला ऐकायचं होतं म्हणून मी स्पीकर लावला. भागवतदादा आनंदात होता. गुरुवारी स्टेशनासमोरच्या चौकात काकूंचा सत्कार ठेवलाय, नगरसेवक येणार आहेत, तुम्ही दोघींनी यायचंच, असं त्यानं एका दमात सांगून टाकलं. मग हसत म्हणाला, "आणि त्या डिगाची तर जिरवलीच पोरांनी. काल भाग संपल्याबरोबर त्याच्या दाराला चपलांचा हार घातला. खिडक्यांवर दगड टाकले. म्हातारा बाहेर आला नाही. त्याची सून रडत होती."

मला बरं वाटलं. ते लपवण्यात अर्थ नाही.

"फोन ठेव," माय दारात येऊन म्हणाली.

मी ठेवला. तिनं सानिकाला खाली पाठवलं, मला समोर बसवलं. तिच्या बोटांना लसणाच्या साली चिकटल्या होत्या. त्या ती एकेक काढत होती.

"डिगंबरभाऊनं काही केलं नाही," ती म्हणाली. "पोलिसाले मी सांगतलं."

मला वाटलं, मी चुकीचं ऐकलं.

मग ती बोलत राहिली. आयुष्यात पहिल्यांदा ती अण्णांविषयी इतकं बोलली. रखवालदाराचं नाव काशिनाथ. तो आमच्याच गल्लीत राहायचा. त्याची बायको यमुना आणि माय एकाच नळावर पाणी भरायच्या, एकमेकींच्या घरी पापड लाटायच्या. काशिनाथ दारू पीत नव्हता, कुणा बाईकडे बघत नव्हता. अण्णांनी त्याला डब्यापासून बाजूला हो म्हटलं आणि तो झाला नाही. एवढंच.

"पहाटे तुझे अण्णा घरी आले. सदरा काढून दिला. मी धुतला. विचारलं नाही. सकाळी यमुना नळावर आली नाही, म्हणून तिच्या घरी गेली, तर अंगणात काशिनाथला ठेवलेलं. यमुनानं माझे हातच धरले. हेच हात. माझ्या मांडीवर डोकं ठेवून रडली ती. मी तिले थोपटत होती, आन माझ्या नखांत अजून तेच होतं."

ती थांबली. बोटाला राहिलेली एक साल तिनं काढली.

"महिनाभर काढला. मग फौजदाराच्या बायकोले पापड द्यायचं निमित्त करून गेली. ते कुठं असतीन ते सांगतलं. फौजदार म्हणे, पकडू, गोळी चालवणार नाही. मले वाटलं, आत राहतीन काही वर्षं. माणूस होऊन येतीन. त्या पहाटे निघाले तर माझ्यानं राहावलं नाही. हात धरला. आज जाऊ नका म्हटलं. ते हसले. घाबरते काय, म्हणे. आन गेले."

"आणि डिगाकाका?" मी विचारलं.

"लोक म्हणे डिगानं सांगतलं. मी गप राह्यली. टोळी होती तवा. माझं नाव कळलं असतं तर तुले ठेवलं असतं का कोणी? मग टोळी मोडली. माणसं मेली. तवा बोलाले पाहिजे होतं. नाही बोलली."

माझ्या तोंडून जे निघालं ते निघालं. "तू मारलंस त्यांना."

"हो," माय म्हणाली.

मंगळवार आणि बुधवार मी तिच्याशी एक शब्द बोलले नाही. श्रीधरनं समजावायचा प्रयत्न केला, त्याच्यावरच चिडले. ज्या माणसाच्या आठवणींवर मी अख्खं लहानपण काढलं होतं, त्याला जिनं घालवलं तिच्याच हातचं मी जेवत आले होते. आणि दुसऱ्या बाजूनं काशिनाथचं घर डोळ्यांपुढून हलत नव्हतं. त्याच्या मरणावर पडलेल्या टाळ्यांत माझीही एक होती. दोन्ही एकाच डोक्यात मावत नव्हतं.

गुरुवारी सकाळी माय पिशवी घेऊन निघाली. तू येऊ नको, माझं मी जाईन, असं तिनं श्रीधरकरवी मला कळवलं. मी तिला गाडीत बसवून द्यायला म्हणून स्टेशनवर गेले आणि शेवटच्या मिनिटाला मीच तिच्याशेजारी बसले. का, ते मला अजूनही नीट सांगता येणार नाही. मनमाड गेलं, चाळीसगाव गेलं. आम्ही बोललो नाही. तिनं खिडकीतून एकदा हात बाहेर काढून केळीच्या बागा दाखवल्या, तेवढंच.

वरखेडला प्लॅटफॉर्मवर भागवतदादा हार घेऊन उभा होता. सोबत वीसपंचवीस पोरं, एक ताशेवाला. स्टेशनबाहेर मोठा फलक लागला होता. 'स्वर्गीय सुपडू उस्ताद यांना मानाचा मुजरा.' अण्णांचा फोटो कुणाकडेच नव्हता, म्हणून त्यावर मालिकेतल्या नटाचा फोटो छापला होता. माय त्यापुढे क्षणभर थांबली. नटाच्या तोंडाकडे तिनं परक्या माणसाकडे बघावं तसं पाहिलं.

भागवतदादानं हार पुढे केला तशी तिनं मान मागे घेतली. "आधी डिगंबरभाऊच्या घरी जाऊ."

भागवतदादाचा चेहरा उजळला. काकू म्हाताऱ्याला भर दारात सुनावणार, असं त्याला वाटलं. पोरांनाही तेच वाटलं. सगळी मिरवणूकच आमच्या मागे निघाली. वाटेत माणसं वाढत गेली. मी मायचा दंड धरला होता. तिला आधार देत होते की तिला धरून मीच चालत होते, कुणास ठाऊक.

डिगाकाकाचं घर रुळांच्या कडेला होतं. दोन खोल्या, पुढे ओटा. खिडकीच्या फुटलेल्या काचेला पुठ्ठा लावला होता. आम्हाला बघून सुनेनं दार लावून घेतलं.

"डिगंबरभाऊ," मायनं हाक मारली. "मी वच्छला."

बराच वेळ काही झालं नाही. मागे पोरं हसत होती. मग कडी निघाली आणि तो बाहेर आला. मी आठवत होते त्या माणसातलं काहीच उरलं नव्हतं. वाळलेला म्हातारा, बंडी, जाड चष्मा. फक्त पाय तसाच ओढत होता. त्यानं मायकडे पाहिलं, मागच्या गर्दीकडे पाहिलं आणि हात जोडले. शिव्या खायची तयारी करून आल्यासारखा.

माय वळली. तिनं तोंड गर्दीकडे केलं.

"सुपडू उस्ताद कुठं असतीन ते पोलिसाले मी सांगतलं होतं. मी, त्यांच्या बायकोनं. या माणसानं नाही. याले काही माहीत नव्हतं."

ताशेवाल्याच्या काड्या थांबल्या. भागवतदादा पुढे झाला आणि हलक्या आवाजात म्हणाला, "काकू, तुमची तब्येत बरी नाही. घरी चला."

"माझी तब्येत बरी आहे," माय म्हणाली आणि तेच पुन्हा, पहिल्यापेक्षा मोठ्यानं म्हणाली. या वेळी तिनं काशिनाथचं नावही घेतलं, यमुनाचंही. तो का मेला तेही सांगितलं. गर्दीतल्या एका म्हाताऱ्यानं मान खाली घातली. तो काशिनाथला ओळखत असावा. जे पोरगं मोबाइल धरून उभं होतं, त्यानं तो खाली घेतला.

भागवतदादाच्या हातात अजून हार होता. तो मला म्हणाला, "तुला माहीत होतं हे?"

"सोमवारी कळलं," मी म्हणाले. "खरं आहे ते."

त्यानं हार तिथंच टाकला. आजपासून तुमचं आमचं काही नातं नाही, एवढं बोलून तो निघून गेला. ते त्यानं पाळलंही. माय गेली तेव्हासुद्धा तो आला नाही. त्याच्यामागे पोरं गेली, मग बाकीचे गेले. ओट्यापुढे आम्ही तिघं आणि दाराच्या फटीतून बघणारी सून, एवढेच राहिलो.

डिगाकाका ओट्याच्या पायरीवर बसला. चष्मा काढून मांडीवर ठेवला. मला वाटलं होतं तो ओरडेल, किंवा आम्हाला हाकलून देईल. तो बोलला तेव्हा आवाज अगदी बारीक होता.

"वहिनी, मी तवा लय प्यायचो. आदल्या रात्री गुत्त्यावर होतो. कोणासंग बसलो, काय बोललो, सकाळी काही ध्यानात नव्हतं. लोक म्हणाले, तूच सांगतलं. मी म्हटलं, नाही. पण मनातून मले वाटे, माझ्याच तोंडून गेलं असन."

माय त्याच्याकडे बघत राहिली. हे तिच्या डोक्यात कधीच आलं नव्हतं, ते तिच्या चेहऱ्यावर दिसत होतं.

"दारू सोडली त्या दिवशी. पुन्हा हात लावला नाही. पण ते आठवे ना. रोज आठवून पाही, कोणाले बोललो, कोणाले बोललो. माझी बायको सखू गेली तर खांद्याले चार माणसं मिळाली नाहीत. रेल्वेतल्या दोघा हमालांचे पाय धरून आणले. तवाही मी तिले म्हटलं, माझ्या पापानं तुले हे. आन तुम्ही, वहिनी, नाशकात होत्या. चार तासांची गाडी."

"हो," माय म्हणाली.

"चार तासांची," तो पुन्हा म्हणाला आणि मग त्याला रडू फुटलं. म्हातारा माणूस खांदे हलवत, आवाज न करता रडत होता. मायनं काठी बाजूला ठेवली, त्याच्यापुढे जमिनीवर बसली आणि त्या वाकड्या पायापाशी डोकं टेकलं. त्यानं पाय मागे घेतला.  शेवटी सूनच बाहेर आली आणि तिनं मायला दोन्ही काखांत हात घालून उठवलं. मला त्या पायाकडे बघवेना. मी ओट्यावर पडलेल्या काचा गोळा करायला लागले.

सुनेनं चहा केला. तिनं मला आत बोलावून हळूच सांगितलं की मामंजी बाजारपेठेतून कधी जात नाहीत. दवाखाना असो की रेशन, रुळांच्या कडेच्या वाटेनं लांबून जातात, तिचं लग्न झाल्यापासून ती हेच बघतेय. माय आणि डिगाकाका ओट्यावर दोन टोकांना बसले होते. दोघांचा चहा निवून गेला. माफ केलं असं त्यानं म्हटलं नाही, आणि मायनं मागितलंही नाही.

परतीच्या गाडीची वेळ झाली तशी आम्ही उठलो. रुळांकडून स्टेशन जवळ पडेल, असं मी म्हणत होते. डिगाकाका आत गेला आणि सदरा, टोपी घालून बाहेर आला. आमच्याशी न बोलता तो पुढे चालायला लागला. वळणावर रुळांची वाट सोडून तो बाजारपेठेच्या रस्त्याला लागला.

बातमी आमच्या आधी पोचली होती. दुकानांतून माणसं बघत होती.  डिगाकाका रस्त्याच्या मधोमध पाय ओढत चालला होता आणि त्याच्या मागे, त्याच्याच चालीनं, माय. मी सगळ्यांत शेवटी. चौकाच्या अलीकडे एका किराणा दुकानात त्याच्याच वयाचा एक म्हातारा गल्ल्यावर बसला होता. तो उठून पायरीपर्यंत आला.  मग त्यानं आतलं स्टूल ओढून बाहेर ठेवलं.

"बस डिगा," तो म्हणाला.

डिगाकाका थांबला. त्या स्टुलाकडे त्यानं पाहिलं, मग मागे वळून मायकडे.

"आत्ता नाही," तो म्हणाला. "घरचे पाहुणे आहेत. गाडीवर सोडून येतो."